‘जाते’ नाही, ‘येते’ म्हण!

रात्रीचे साडेअकरा. लॅपटॉप बंद, उद्याच्या मीटिंगचं टेन्शन चालू, उशीखाली मोबाइल. आणि मग तो येतो. दोन अक्षरी, स्वरांशिवायचा, सगळ्यात आळशी मेसेज. ‘जीएन’! फारच प्रेम उतू जात असेल तर पुढे ‘एसडी’, म्हणजे स्वीट ड्रीम्स. त्याहून जास्त असेल तर ‘टीसी’, म्हणजे टेक केअर. आपण काय करतो? ‘जीएन’ला ‘जीएन’ परत पाठवतो आणि अर्धा तास रील्स बघत बसतो. खरं सांगा, ‘गुड नाइट’ म्हटल्यावर तुम्ही लगेच झोपल्याला किती दिवस झाले?

माझ्यापुरतं सांगायचं तर ‘जीएन’चा खरा अर्थ होता, ‘पुरे आता, फोन ठेवू या’. पुण्यात राहायला आल्यापासून मिरजेला पप्पांना रोज रात्री हाच मेसेज जायचा. पप्पांचं उत्तरही ठरलेलं. ‘दार लावलंस का?’ गुड नाइट नाही, स्वीट ड्रीम्स नाही, डायरेक्ट कडी-कुलूप. मला वाटायचं, पप्पांना मेसेजिंगचे मॅनर्स नाहीत. मॅनर्स नक्की कुणाला नव्हते, ते कळायला मला दवाखान्यात जावं लागलं.

पप्पांची बायपास ठरली. मिरजेतच. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून आजूबाजूचे चार जिल्हे आणि पलीकडचं कर्नाटक आजारी पडलं की मिरजेला येतं. त्यामुळे इथल्या कुठल्याही वॉर्डात शिरा, मिनी-इंडिया नाही तरी मिनी-सीमाभाग हमखास भेटतो. पप्पांच्या उजवीकडच्या कॉटवर अथणीकडचे एक काका, घरात कन्नड. डावीकडे मिरजेतलेच एक चाचा, घरात दखनी. समोर कवठेमहांकाळचे एक आजोबा आणि त्यांच्या पायाशी बसलेल्या आज्जी.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री आठ वाजता नर्सबाईंनी फर्मान काढलं, ‘एका पेशंटजवळ एकच माणूस.’ रात्री आई थांबणार होती. मी पर्स उचलली. आता काय म्हणायचं? ‘गुड नाइट पप्पा’ अगदी ओठावर आलं आणि तिथेच अडकलं. उद्या सकाळी ज्याची छाती उघडणार आहेत त्याला कसली गुड नाइट? मग आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, ‘चला, जाते मी.’

समोरच्या आज्जी ताडकन म्हणाल्या, ‘अगं पोरी, दवाखान्यात जाते म्हणत्यात व्हय? येते म्हणावं!’

मी ओशाळून ‘येते’ म्हटलं. आणि गंमत म्हणजे, त्याच पाच मिनिटांत सगळा वॉर्ड तेच म्हणत होता. अथणीच्या काकांची मुलगी निघाली, ‘होगि बर्तीनि’. म्हणजे ‘जाऊन येते’. चाचांची सून म्हणाली, ‘सुबू आती मैं’. आज्जींचा मुलगा नुसतंच म्हणाला, ‘येतू आय.’ तीन भाषा, चार कॉट, पण रात्रीचं नाव कुणीच घेतलं नाही. प्रत्येकाने सकाळची अपॉइंटमेंट तेवढी घेतली.

त्या रात्री घरी झोप लागणं शक्य नव्हतं. मग डोक्यात हाच भुंगा. आपल्याकडे ‘गुड नाइट’ला शब्दच नव्हता की काय?

‘शुभ रात्री’ आहे ना, असं तुम्ही म्हणाल. आहे. पण आठवून बघा, तुमच्या आज्जीने कधी म्हटलंय? ‘गुड मॉर्निंग’चं ‘सुप्रभात’ झालं तसंच ‘गुड नाइट’चं ‘शुभ रात्री’ झालं. इंग्रजीच्या मापाने शिवलेला झब्बा. रेडिओ-टीव्हीवरच्या निवेदनांत तो शोभून दिसला, ग्रीटिंग कार्डांवर छापला गेला आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर चंद्र-गुलाबासकट रोज घरपोच मिळतो. झब्बा चांगलाच आहे, पण घरात घालून झोपावं असा काही तो वाटत नाही!

त्यात शुद्धलेखनवाल्यांचं भांडण वेगळं. मराठीत एक ‘रात्र’ आणि अनेक ‘रात्री’. शिवाय ‘रात्री’ म्हणजे रात्रीच्या वेळी. मग ‘शुभ रात्री’ म्हणजे काय, एकदम महिन्याभराचं पॅकेज? म्हणून काही जण हट्टाने ‘शुभ रात्र’ लिहितात. दुसरी पार्टी म्हणते, मूळ संस्कृत शब्द ‘रात्रि’. तो मराठीत आला की शेवटची वेलांटी दीर्घ होते, म्हणून ‘रात्री’. दोघांचंही बरोबर आहे. फॅमिली ग्रुपवर हा वाद निघालाच तर माझा सल्ला एकच, ‘जीएन’ म्हणा आणि कलटी मारा.

इंग्रजांचं तरी ‘गुड नाइट’ पहिल्यापासून असं गुळगुळीत होतं का? अजिबात नाही. ‘गुडबाय’ हे जसं ‘देव तुझ्यासोबत असो’ या अख्ख्या वाक्याचं आखडलेलं रूप, तसंच ‘गुड नाइट’च्या मागेही ‘देव तुम्हाला चांगली रात्र देवो’ असं मागणं होतं. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा पहिलाच प्रवेश आठवा. मध्यरात्र, कडाक्याची थंडी, किल्ल्यावर पहारा बदलतोय आणि भुताची अफवा आहे. ड्युटी संपवून निघालेला शिपाई मागे राहणाऱ्यांना चांगली रात्र चिंतून जातो. तिथे ते मॅनर्स नाहीत, गरज आहे. रात्र चांगली जाईलच याची गॅरंटी नसते, म्हणून तर ती चांगली जावो असं म्हणायचं.

हे अख्खं वाक्य आपल्या शेजारी अजून जिवंत आहे बरं का. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत झोपताना म्हणतात, ‘देव बरी रात दिवं’. देव चांगली रात्र देवो. कुणी काही गाळलेलं नाही, देवही जागेवर आणि मागणंही. उर्दूत ‘शब-ब-खैर’, तो फारसीतून आला. शब म्हणजे रात्र, खैर म्हणजे भलं. जपानी माणूस ‘ओयासुमी नासाई’ म्हणतो, त्याचा अर्थ ‘विश्रांती घ्या’. म्हणजे आपल्या ‘झोपा आता’चा सख्खा भाऊ! आणि सगळ्यात भारी अरबी लोक. त्यांच्या झोपतानाच्या शुभेच्छेत रात्र नसतेच. ‘तुस्बिह अला खैर’, म्हणजे तुझी सकाळ भल्यात उगवो. मिरजेच्या वॉर्डातलं ‘सुबू आती मैं’ मला एकदम तिथलंच वाटलं.

मग आपली आज्जी काय म्हणायची? माझी आज्जी म्हणायची, ‘निजा आता, लै रात झाली.’ आजोबा म्हणायचे, ‘पडतो जरा.’ शेजारचे गप्पा मारून उठताना म्हणायचे, ‘चला, येतो.’ कुणी पायरीवरून म्हणायचं, ‘रामराम.’ भेटतानाही तोच, निघतानाही तोच. सकाळ-दुपार-संध्याकाळ असे वेगवेगळे डबे नव्हतेच आपल्याकडे. दिवेलागणीला शुभंकरोति म्हणून घरातल्या मोठ्यांच्या पाया पडलं की तीच काय ती ‘गुड ईव्हनिंग’. त्यानंतर रात्री शुभेच्छा नसत, कामं असत. दार लाव. गॅस बघ. पांघरूण घे. मांजर बाहेर काढ.

आणि एक गोष्ट लक्षात आलीय का? रात्रीच्या तोंडावर मराठी माणूस फार जपून बोलतो. दिवा ‘विझव’ म्हणायचं नाही, ‘मालव’ म्हणायचं. दुकान ‘बंद करायचं’ नाही, ‘वाढवायचं’. नारळ फोडायचा नाही, तोही वाढवायचा. साप दिसला तर ‘जनावर’ म्हणायचं. आणि माणसाने ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. तुम्ही म्हणाल, अंधश्रद्धा. असेल. पण वीज नसलेल्या गावात, कंदिलाच्या उजेडात, डॉक्टर दहा कोसांवर असताना ‘उद्या भेटू’ हे वाक्य आपल्याइतकं स्वस्त नव्हतं. संपण्याचा शब्द टाळायचा आणि चालू राहण्याचा शब्द ठेवायचा, एवढीच ती युक्ती. ‘गुड नाइट’ला शब्द नव्हता असं नाही म्हणता येणार. तो शब्द ‘येतो’ होता. आपण तो चुकीच्या कप्प्यात शोधत होतो.

आपण तर देवालाही झोपवणारी माणसं. मिरजेहून रेल्वेने पंढरपूर गाठता येतं. तिथे विठ्ठलाची रोज रात्री शेजारती होते. शेज म्हणजे अंथरूण. पहाटे काकडआरतीने त्याला उठवायचं, रात्री शेजारतीने झोपवायचं. एकदम शिस्तीचं टाइमटेबल. पण आषाढी-कार्तिकी आली की हे टाइमटेबल चक्क गुंडाळून ठेवतात. वारकऱ्यांना रात्रंदिवस दर्शन घेता यावं म्हणून देवाचा पलंगच काढून ठेवतात. पाठीला टेकायला एक लोड, बस्स. तितके दिवस शेजारती नाही आणि देवाला झोप नाही. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते, त्याला गरम पाण्याने आंघोळ घालतात आणि रात्री शिणवटा जावा म्हणून काढा देतात. मग कुठे पलंग परत येतो. डेडलाइनच्या आठवड्यात ऑफिसच्या खुर्चीवरच मान टाकणाऱ्या माझ्या दोस्तांनो, तुमच्या आधी हे त्याने केलंय, आणि कमरेवर हात ठेवून, उभ्याने! फरक इतकाच की काम संपल्यावर त्याला काढा देणारी माणसं आहेत.

दवाखान्याइतकीच मिरजेची दुसरी ओळख गाण्याची. सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून सतारी-तंबोरे बनतात, हे तुम्ही ऐकलं असेल. त्या गाण्यातही हाच ‘येतो’ लपलाय. रात्रभराची मैफल कशाने संपते? भैरवीने. आणि भैरवी हा कुठल्या वेळचा राग? सकाळचा! म्हणजे रात्रीच्या गाण्याचा निरोप सकाळच्या रागात. आता मैफल दुपारी संपली तरी शेवटी भैरवीच गातात. वेळेचं सोडा, निरोप तोच.

मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. किराणा घराण्याचा हा गवई उत्तरेतल्या कैरान्याचा, पण आयुष्याच्या शेवटी मिरजेचाच होऊन गेला. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ते मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत गाडीत त्यांना बरं वाटेना. सिंगपेरुमल कोईल नावाच्या छोट्या स्टेशनवर ते उतरले, फलाटावर बिछाना घालायला लावला, आणि सांगतात की रात्रीच्या दरबारी रागात देवाचं नाव घेत तिथेच गेले. परक्या मुलखातला फलाट आणि मध्येच सुटलेला प्रवास. पण त्यांना परत आणलं ते मिरजेला. अजूनही दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या नावाने संगीत सभा होते, मोठमोठे गायक-वादक येतात आणि गातात. त्याला तिथे ‘कार्यक्रम केला’ म्हणत नाहीत, ‘हजेरी लावली’ म्हणतात. फलाटावर निरोप घेतलेल्या माणसाच्या घरी दरवर्षी पाहुणे ‘आलो’ म्हणून सांगून जातात.

खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या स्मृतीसाठी भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये पुण्यात महोत्सव सुरू केला. एकेकाळी तो रात्र रात्र चालायचा, लोक पहाटे थर्मासमधला चहा पीत भैरवीची वाट बघायचे. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातल्या ठरावीक दिवशी सवलत मिळते, पण एरवी दहाच्या ठोक्याला सगळ्या गावाला गुड नाइट म्हणायचं काम आता कायदा करतो. शेजारी परीक्षेचा अभ्यास करणारं पोरगं असेल तर नियम चांगलाच. फक्त रात्र ओलांडून एकत्र सकाळी पोचायची ती मजा गेली.

आणि आपण? आपण उजाडल्यावर एकमेकांना फुलं पाठवतो. २०१८ च्या जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने मोठी बातमी छापली होती. भारतीयांचे फोन भरून बंद का पडतात याचा शोध घेताना गुगलच्या लोकांना सापडलं, ‘गुड मॉर्निंग’ची चित्रं! सूर्य, कमळ, लहान मुलं, चहाचा कप. त्यांनी ती एका फटक्यात डिलीट करायची सोयच आपल्या अ‍ॅपमध्ये दिली. मीही तेव्हा खूप हसले होते. हे काका-मामा लोक काय फॉरवर्ड करत बसतात! पण आता वाटतं, त्या बटबटीत गुलाबाच्या मागे माणूस एवढंच सांगत असतो, ‘मी उठलोय. तू?’ रात्री ‘येतो’ म्हणून गेलेला माणूस सकाळी आल्याची वर्दी देतोय. साच्यातली का होईना, हजेरी लावतोय.

असो. तर त्या रात्रीची गोष्ट अर्धी राहिली. ‘येते’ म्हणून मी दारापर्यंत गेले, तेवढ्यात पप्पांनी हाक मारली. वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. सिनेमात बोलतात तसं. पप्पा म्हणाले, ‘घरी गेल्यावर दार नीट लाव. आणि सकाळी येताना पेपर आण. शब्दकोडं सोडवायचंय.’

सकाळी सात वाजता त्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेणार होते. आईला माहीत होतं, मला माहीत होतं, त्यांना तर सगळ्यात आधी माहीत होतं. कोडं सोडवायला वेळच नव्हता. तरी त्यांनी पेपर मागितला. आणि मी म्हटलं, ‘हो, आणते.’

पहाटे साडेपाचला स्टेशनजवळ पेपरचे गठ्ठे सुटत होते, तिथून घेतला. वॉर्डात पोचले तेव्हा पप्पांना हिरवा गाऊन घातला होता. त्यांनी पेपरकडे बघितलं, मान हलवली आणि स्ट्रेचरवर आडवे झाले. पुढचे पाच तास तो पेपर मी मांडीवर ठेवला होता. उघडला नाही. कोडं त्यांचं होतं. अथणीच्या काकांची मुलगी आली होती, चाचांची सून आली होती. ‘येते’ म्हणून गेलेले सगळे आपापल्या कॉटपाशी हजर. कवठ्याच्या आज्जींनी डब्यातली भाकरी माझ्यापुढे सरकवली. काही विचारलं नाही.

आयसीयूतून बाहेर आल्यावर चौथ्या दिवशी पप्पांनी चष्मा मागितला. मी पेपर दिला. त्यांनी तारीख बघितली. ‘शिळा आहे की हा!’

‘तुम्हीच आणायला सांगितला होता.’

एक हात सलाइनला, दुसऱ्या हातात पेन. त्यांना दोन दिवस लागले. तीन उभे शब्द आईने सांगितले, एक कवठ्याच्या आज्जींनी. डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी सामान आवरून झाल्यावर पप्पा समोरच्या कॉटपाशी जरा थांबले आणि म्हणाले, ‘येतो.’ आज्जी म्हणाल्या, ‘न्हाई, हितं नका येऊ. घरला या.’ सगळा वॉर्ड हसला. नियमाला एवढा एकच अपवाद असावा!

आता मी परत पुण्यात आहे. ऑफिस, ट्रॅफिक, डेडलाइन, सगळं तसंच. रात्री साडेअकराला मोबाइल हातात घेते. ‘जीएन’ टाइप करायची बोटांची सवय गेलेली नाही, पण पाठवायच्या आधी खोडते. त्याऐवजी पप्पांना एक काम सांगते. ‘उद्या किती पावलं चाललात ते कळवा.’ ‘तुमच्या औषधाच्या गोळीचा फोटो पाठवा, नाव विसरले.’ काल लिहिलं, ‘सकाळी कोड्यातले अडलेले शब्द पाठवा.’

त्यांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. ‘दार लावलंस का?’

उठले. बघितलं. लावलं नव्हतं.